तिसऱ्या थांब्यावरची पाटी

गाईड: इथे बोट लावा मॅडम, या दोन दगडांच्या मधे. हा चुन्याचा सांधा बाकीच्यांपेक्षा तीनेक मिलिमीटर पुढे आलाय. आणि रंग बघा, निळसर करडा. त्याच्या खालचा पिवळट आहे.

मॅडम: अय्या, हो की! हाताला लागतंय. मला कधी दिसलंच नसतं. अहो, तुम्ही बघितलंत का? चष्मा लावा ना.

सर: चष्म्याची गरज नाही. हा सांधा नंतर भरलाय. जुना चुना पावसाने झिजला की गवंडी वरून नवा भरतात. मूळचा आत तसाच राहतो.

गाईड: बरोबर, सर.

सर: बरोबर असणारच. जुन्या भिंतींचं वय काढण्यात जन्म गेला माझा.

मॅडम: झालं सुरू! मी दिवसभरासाठी गाडी आणि गाईड कशाला ठरवले? तर आज तुम्ही गप्प बसावं आणि दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून. चाळीस वर्षांच्या संसारात एक दिवस मागितला.

गाईड: बोलू दे ना त्यांना. वय कसं काढतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला आवडेल मला.

सर: बघ, लोकांना रस असतो. भट्टीत चुना भाजताना कोळशाचे कण त्यात मिसळतात. असा एखादा कण सापडला की प्रयोगशाळेत त्याचं वय निघतं. म्हणजे भिंतीचं वय निघालं.

गाईड: आणि कण या पुढे आलेल्या सांध्यातला असला तर?

सर: तर डागडुजीचं वय निघेल, भिंतीचं नाही. म्हणून नमुना वीतभर आतून घ्यायचा असतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. वरवरचा चुना खरवडून नेणं गाढवाचं काम.

गाईड: गाढवाचं. हं. चला, आता आपला दुसरा थांबा, एक गाव आहे. पायऱ्या ओल्या आहेत सर, कठडा धरा. डावा गुडघा अजून दुखतो वाटतं.

सर: डावा, हे तुम्हाला कसं कळलं?

गाईड: उतरताना प्रत्येक पायरीवर तुम्ही डावा पाय आधी टाकताय.

मॅडम: काय बारीक नजर आहे हो तुमची! घरात मी नवी साडी नेसले तरी यांना कळत नाही.

(वीस मिनिटांनी, गावाच्या तोंडाशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छपरं नसलेली घरं.)

मॅडम: इथे कुणीच राहत नाही?

गाईड: एकोणीस वर्षं झाली. सेहेचाळीस घरं होती, दोनशे सात माणसं. टेकडीवर तो बुरूज दिसतोय ना, त्या किल्ल्याच्या जोडीने हे गाव संरक्षित होतं. किल्ला सहाशे वर्षांचा, असं सगळे धरून होते. मग पुरातत्त्व खात्याने तपासणी केली. अहवाल आला की बुरूज जेमतेम दीडशे वर्षांचा आहे, जुन्याची नक्कल. किल्ला यादीतून गेला, गावही गेलं. सहा महिन्यांत टेकडीमागे दगडखाण सुरू झाली.

मॅडम: अरे देवा.

गाईड: रोज अकराला आणि चारला सुरुंग. आधी खिडक्यांच्या काचा गेल्या, मग विहिरीचं पाणी, मग भिंतींना तडे. दोन वर्षांत गाव रिकामं झालं. त्यानंतर दुसरी तपासणी झाली. किल्ला सहाशेच वर्षांचा निघाला.

मॅडम: म्हणजे पहिल्या वेळी चुकलं? कुणी चुकवलं?

सर: ऊन वाढलंय. मला वाटतं, आपण इथूनच परत फिरावं.

मॅडम: कसलं ऊन? चांगले ढग आहेत. आणि हे घर बघा, खिडकीच्या चौकटीला अजून निळा रंग आहे.

गाईड: तो मी दिलाय. चौदा वर्षांची होते. बाबांना पिवळा हवा होता, दुकानात निळाच शिल्लक होता. दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

मॅडम: हे तुमचं घर?

गाईड: आत जाऊन बघा हवं तर. डाव्या हाताला चूल आहे, तिथली फरशी बरी आहे. उजवीकडे मात्र जाऊ नका.

मॅडम: जाते. तुम्ही या हळूहळू.

सर: तुझा चष्मा होता. जाड भिंगांचा.

गाईड: ऑपरेशन केलं. अकरा वर्षं झाली.

सर: केसही पिकले. मी ओळखलंच नाही.

गाईड: तुम्ही माझ्याकडे बघून कधी बोलला नाहीत, सर. पाच वर्षं आणि दोन महिने मी तुमच्या शेजारच्या टेबलावर होते.

सर: हे तू मुद्दाम केलंस.

गाईड: हो. तीन आठवड्यांपूर्वी पाहुण्यांच्या यादीत तुमचं नाव दिसलं. आज दुसऱ्या गाईडची पाळी होती. त्याला माझे दोन रविवार दिले आणि ही फेरी मागून घेतली. पहिल्या किल्ल्यावरचा तो सांधाही कालच जाऊन शोधून ठेवला.

सर: काय हवंय तुला? ओरडायचंय? ओरड. मी ऐकून घेतो. फक्त हिच्यासमोर नको.

गाईड: मला ओरडता येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. म्हणून तर चूक माझ्या नावावर टाकणं सोपं वाटलं तुम्हाला.

सर: तू तरुण होतीस. तुला दुसरं काम मिळालं असतं. मी म्हणालो होतो ना, थोडे दिवस गप्प बस, दोन वर्षांत तुला परत घेतो.

गाईड: त्या दोन वर्षांत आमचं बिऱ्हाड शहरात एका खोलीत होतं. चाळीत गावचीच नऊ कुटुंबं. आम्ही नळावर गेलो की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. त्यांना एवढंच कळलं होतं की गावची एक शिकलेली मुलगी, तिने नमुन्यांच्या पिशव्या बदलल्या आणि गाव बुडवलं. बाबांनी एकदा विचारलं, तू केलंस का? मी म्हटलं, नाही. मग कोणी केलं? मी बोलले नाही. तुम्ही मला परत घेणार होतात.

सर: वडील आता...

गाईड: गेले. तोवर पुन्हा विचारलं नाही त्यांनी.

सर: बोल, काय करू मी?

गाईड: तिसऱ्या थांब्यावर, बुरुजापाशी एक पाटी आहे. मजकूर तुमचाच आहे. सहा वर्षं मी ती पाहुण्यांना रोज वाचून दाखवते, कामाचा भाग म्हणून. आज तुम्ही वाचायची. मोठ्याने, मॅडमसमोर.

सर: एवढंच?

गाईड: एवढंच ठरवलंय.

सर: वाचतो. त्यात काय आहे?

मॅडम: अहो, आत एक कपाट आहे अजून, दार नसलेलं! तुमचे चेहरे असे का झालेत? भांडलात की काय?

गाईड: नाही मॅडम, जुनी ओळख निघाली. मी सरांच्या हाताखाली काम केलंय.

मॅडम: खरंच? आणि हे मला आता सांगताय? अहो, तुम्ही ओळखलं नाहीत यांना?

सर: बरीच माणसं होती हाताखाली. चला, बसा गाडीत.

मॅडम: पण मग तुमच्याच गावाची तपासणी... थांबा. पहिली तपासणी यांनीच केली होती?

गाईड: वर पाटीवर सगळं लिहिलंय. सर वाचून दाखवणार आहेत.

(थोड्या वेळाने, टेकडीवर, बुरुजापाशी.)

मॅडम: बापरे, केवढा चढ होता हा! आणि केवढा बुरूज! हीच का ती पाटी? वाचा. मी टेकते इथे दगडावर.

सर: "या बुरुजाचे बांधकाम सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे आहे."

गाईड: जरा मोठ्याने, सर. मी तरी मोठ्याने वाचते.

सर: "पहिल्या तपासणीत बुरुजाचे वय कमी आढळले होते. त्या वेळी, दिनांक सतरा ऑक्टोबर रोजी, प्रमुख संशोधकांनी स्वतः सकाळपासून सूर्यास्तापर्यंत परांचीवर उभे राहून सहा मीटर उंचीवरून नमुने घेतले होते. मात्र पुढे सहायिकेच्या हातून नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली. प्रमुखांच्या चिकाटीमुळे ही चूक उघडकीस येऊन..."

मॅडम: सहायिका म्हणजे या?

गाईड: मी.

मॅडम: आणि तुम्ही रोज हे वाचता? लोकांसमोर?

गाईड: हंगामात दिवसातून दोनदा. एकदा एका आजोबांनी विचारलं, त्या बाईला शिक्षा झाली का? मी म्हटलं, झाली.

मॅडम: तारीख काय म्हणालात तुम्ही?

सर: सतरा ऑक्टोबर. काय करायचंय तारखेचं?

मॅडम: बावीस वर्षांपूर्वीचं ना हे? सतरा ऑक्टोबरला धाकटी शाळेच्या जिन्यावरून पडली. पायाचं हाड मोडलं. मी साडेनऊला तुम्हाला फोन केला. बारा वाजायच्या आत तुम्ही दवाखान्यात होतात, प्लास्टर अजून ओलं होतं. सूर्यास्तापर्यंत इथे कसे असाल?

सर: तुझी तारीख चुकतेय.

मॅडम: माझी? या घरात तारखा कुणाच्या चुकतात? दर सतरा ऑक्टोबरला ती मला फोन करते, आई, आज माझ्या पायाचा वाढदिवस. फाईल आहे तिची, हाडाच्या फोटोसकट.

गाईड: दवाखाना. मला माहीत नव्हतं हे. मला म्हणाले होते, मुख्य कचेरीतून बोलावणं आलंय.

मॅडम: काय झालं होतं त्या दिवशी? तुम्ही सांगा. यांना मधे बोलू देत नाही मी.

गाईड: परांची बांधणारी माणसं बाराला येणार होती. साडेनऊला सरांना फोन आला. त्यांनी छिन्नी घेतली आणि इथे, उभ्याने हात पोचतो तिथून चुना खरवडला. दहा मिनिटं लागली. परांचीवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं आणि गेले. पिशवी एकच होती, मॅडम. बदलायला दुसरी नव्हतीच. सर मला म्हणाले, चिठ्ठीवर लिही, सहा मीटर, वीतभर आतून. मी लिहिलं. ती चूक माझी. न बघितलेलं लिहिलं.

सर: पोर कळवळत होती फोनवर! मी काय करायला हवं होतं? परांचीची वाट बघत बसायला हवं होतं?

गाईड: नाही. मी असते तरी गेले असते. त्या दिवसाचा मला राग नाही, सर. दुसऱ्या दिवशी परत येता आलं असतं. निकाल आला तेव्हा सांगता आलं असतं. गाव उठत होतं तेव्हाही सांगता आलं असतं. सातशे दिवस होते तुमच्याकडे.

सर: सगळं खातं बदनाम झालं असतं. अकरा माणसं होती माझ्या हाताखाली, त्यांची घरं होती.

गाईड: घरं गावातही होती. आत्ता बघून आलो आपण.

मॅडम: पोरगी पडली, घाई झाली, चुकलो, एवढं म्हणायचं होतंत. कोण फाशी देणार होतं तुम्हाला? आणि मला नंतर काय सांगितलंत? एका मुलीने फसवलं, माणसं ओळखायला चुकलो. मी तुम्हाला औषध दिलं, पाय चेपले. त्या मुलीला शिव्यासुद्धा घातल्या हो मी, घरात बसून.

सर: हे बघ, मी आजच फोन करतो. पाटीवरचं सहायिकेचं वाक्य काढून टाकायला सांगतो. माझं अजून ऐकतात तिथे.

गाईड: वाक्य काढलं तर कुणीच चुकलं नव्हतं असं होईल. गाव मग आपोआप उठलं.

सर: मग काय लिहू? चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे मी. चुकलो. मला माफ कर. बस?

गाईड: हे इथे तिघांत म्हणताय तुम्ही.

मॅडम: एवढी वर्षं तुम्ही गप्प का राहिलात पण?

गाईड: चिठ्ठीवर अक्षर माझं होतं. सर दहानंतर इथे नव्हते, हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. शिवाय सूक्ष्मदर्शकातून बघायला मला सरांनीच शिकवलं होतं. तीनदा तक्रार लिहिली. दरवेळी वरती "आदरणीय सर" असं लिहिलं जायचं, मग फाडून टाकायचे.

मॅडम: मला कुणी विचारलं तर मी दवाखान्याचं सांगेन. खोटं नाही बोलायची मी. पण मला विचारणार कोण?

सर: तू माझ्या विरुद्ध बोलशील?

मॅडम: मी तारीख सांगेन. ती कुणाच्या विरुद्ध जाते, ते तुम्ही बघा.

सर: कमाल आहे. ठीक आहे. तू ठरवलं होतंस तेवढं झालं ना? पाटी वाचून घेतलीस, बायकोसमोर माझी शोभा केलीस. निघालं ना उट्टं? आता चला गाडीकडे.

गाईड: गाडी खाली उभी आहे, तुम्ही दोघं व्हा पुढे. मॅडम, तुम्हाला विचारायला खात्याची माणसं येतील. फाईल काढून ठेवा. सोमवारी सकाळी मी सरांच्या नावाने तक्रार देणार आहे.