गाडी माझ्या नावावर हाय

माझं माहेर पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीला. तिथं पानी न्हाई आन जिमीन म्हनजे नुसते दगड, त्या दगडांनीच आमाला ऊस तोडायला धाडलं म्हना. आईच्या पाठीला बांधलेली हुते तवापास्नं मी कारखान्यावर गेलेली, लगीन झालं तेबी तोडनाऱ्याशीच, सासर तिसगावच्या अंगाला, तिथंबी तीच गत. सा म्हैनं गावाकडं आन सा म्हैनं कोपीत, कोपी म्हनजे पाचटाची झोपडी, वाकून आत जायचं आन वाकूनच भाईर यायचं. काय सांगू ताई तुमाला, थंडीत पहाटं उसाला हात लावला की बोटं कापायची आन ते कळायचंबी न्हाई, पार दिस वर आल्यावर रगत दिसायचं. असू द्या, ते सांगत बसले तर गाडीचं राहून जाईल, आन तुमी तर गाडीचं इचारायला आलाय.

तर गाडी. आमच्या मालकांच्या डोक्यात कुनी भरवलं देव जाने, एका हंगामाहून आलो आन मला म्हनले, चंद्रे, बैल इकू आन जीप घिऊ, वडाप करू, तिसगाव-पाथर्डी शीटं भरायची आन घरी येऊन भाकर खायची. सासू म्हनली, चालती लक्ष्मी इकून लोखंड घेतंय, याला येड लागलं. काष्टीच्या बाजारात बैलजोडी इकली. मी त्यांच्या तोंडावरनं हात फिरवला आन लई रडले, रडले ते खरं, पर इकू नका म्हनले न्हाई. गाडी नवी न्हवती बरं का, तीन मालक करून आलेली, तिचं एक दार आतनं ढकलायचं आन एक उचलून लावायचं. मालकांनी कागदावर माझं नाव टाकलं. भावकी हसली, बायकूच्या नावावर गाडी. मालक म्हनले, तिनं माझ्याइतकाच ऊस तोडलाय, मोळ्या तर जास्त वाहिल्यात. एवढं एक त्या मानसानं जन्मात बरं बोललं, बाकी समदी बोंब हाय.

तेनी लई वरसं वडाप केलं. मग डोळ्यात काचबिंदू झाला, रस्त्याची कड दिसंना. गाडी दारात हुबी राहिली, कोंबड्या खाली बसायला लागल्या, म्हनून मी म्हनलं मला शिकवा. गावाखालचा तलाव कोरडाठाक पडलेला, त्याच्या पोटात आमी गाडी न्यायचो, न कुनाची भिंत आडवी न कुनाचं जनावर. मालक शेजारी बसून वराडायचे, क्लच, क्लच, अगं क्लच दाब. मी म्हनलं वराडू नका, मला ऐकू येतंय, तुमालाच दिसत न्हाई. लायसन काढलं रीतसर, नगरला जाऊन. पहिल्या दिशी तिसगावच्या चौकातनं गेले तवा पानाच्या टपरीवरची मानसं हुबी राहिली, एक म्हनला आता बगा कुनाच्या दुकानात शिरती. चौदा-पंधरा वरसं झाली, अजून कुनाच्या दुकानात शिरले न्हाई. तोच मानूस सुनंला कळा आल्या तवा माझ्या दारात आला हुता, मावशी चल म्हनून. गेले मी. बोलून दाखवलं न्हाई, आज तुमच्याजवळच बोलतेय.

आता तिला सांभाळायचं कसं, ते इचारा. लोक म्हनतात जुनी गाडी म्हनजे घरातलं आजारपन. व्हय, हायच. चाकावरचे पाटे तुटतात, सेल्फ रुसतो, पत्र्याला खालनं गंज येतो, एका खिडकीची काच हातानं वर धरून खाली पाचर मारायची. इंजिन दोनदा उतरवून बांधलं. मीटर सा लाखाच्या पुढं गेला आन एक दिस थांबला तो थांबलाच, मिस्त्री म्हनला नवा टाकू का, मी म्हनलं कशाला, मला काय तिचं वय सांगून लगीन लावायचंय. डिझेल तळाला गेलं की हवा धरती, मग बॉनेट उघडून हातपंप मारत बसायचं, बोटांचा वास दोन दिस जात न्हाई. आन पानी. आमच्याकडच्या बोअरचं पानी असं खारं, की घागरीला पांढरा थर बसतो, ते रेडेटरला घातलं की आतनं चुन्यावानी धरतं आन गाडी घाटात उकळती. मी पावसाळ्यात पन्हाळीखाली कॅन लावून ठेवते. घरात पाव्हना आला तर त्याला बोअरचा चहा, पर गाडीला पावसाचं पानी. मालक म्हनतात आमाला असं कवा पाजलं न्हाईस. मी म्हनते तुमी कवा दवाखान्यात कुनाला पोचवलं?

लई कुरकुर करती, पर गेल्या साली पासिंगची मुदत संपली तवा तपासनीला नेली, ब्रेक, लाइटी, धूर समदं बगितलं आन पास झाली. म्हनजे सरकारचं म्हननं हाय का ती चालती. आन माझ्या पोराचं म्हननं हाय का ती न्हाई चालत.

पोरगा म्हनजे संतोष, एकुलता एक, पुन्याला कंपनीत हाय, चांगला हाय, वाईट न्हाई. आवंदा नवमीच्या आदल्या दिशी आला. आमच्यात खंडेनवमीला घरातलं समदं हत्यार धुवून पूजतात, कोयता, कुऱ्हाड, इळा, आन आमच्याकडं गाडी. पूजलेल्या हत्याराला त्या दिशी हात लावायचा न्हाई, दसऱ्याला घट उठले की मग कामाला घ्यायचं. आन दसऱ्याच्या दिशी घरातलं हत्यार कुनाला देत न्हाईत, शेजारनीनं इळा मागितला तरी उद्या ने म्हनतो. तर नवमीला सकाळी बगते, संतोष बादली घेऊन गाडी धुतोय. चाकं घासली, शिटा झटकल्या, काचा पेपरनं पुसल्या, दाराचा गंज हुता तिथं रंगाचा ब्रश फिरवला. माझं काळीज सुपाएवढं झालं ताई. म्हनलं पोराला माया हाय, बोलत न्हाई पर हाय. मी झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, त्याला पुरनपोळी दोन जास्त वाढल्या.

आन जेवता जेवता तो म्हनतो, आई, उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर नगरला नवी गाडी घ्यायचीय, बुकिंग झालंय, जुनी तिथंच सोडायची, बदल्यात घेतात ते, तू फकस्त येऊन सही कर, सकाळी आठला निघू. म्हनजे त्यानं धुतली ती पूजेला न्हाई. इकायला धुतली.

मी पळी खाली ठिवली. मी म्हनलं, नवमीला पूजायची आन दसऱ्याला खाटकाच्या दावनीला नेऊन बांधायची, ही कुठली रीत? तो म्हनला आई ती मशीन हाय. मी म्हनलं कोयताबी मशीनच हाय, मग त्याच्या पाया का पडतोस? तो म्हनला लोक मला हसतात, पोरगा पुन्याला हाय आन म्हातारी आई खटारा हाकती. म्हनला रस्त्यात कुठं बंद पडलीस तर मी पुन्यात काय करू, मला झोप लागत न्हाई. हे मातर खरं बोलला, त्याच्या डोळ्यात दिसलं. पर खरं बोलला म्हनून माझी गाडी त्याची हुत न्हाई.

मी म्हनलं ऐक. ही गाडी आली त्या साली दसरा झाला आन ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गावात आला. दर सालावानी. लोकांनी भांडी-कुंडी, शेळ्या, पोरं चढवली. आमी दोघं दारात हुबे, आमाला जायचं न्हवतं. बगते तर तू दिसंना. तू ट्रकात, सा वरसाचा, तुझं गाठुडं तूच बांधून वर जाऊन बसलेला. सवयच ती. मुकादम म्हनला बाई पोरगं उतरव. मी वर चढून तुला खाली घेतला, तर तू हातपाय झाडून रडलास, माझे दोस्त चाललेत, मलाबी जायचंय म्हनून. सोमवारी तुला शाळेत घातला, तू पुन्याला गेलास, त्या दोस्तांतले किती गेले पुन्याला, सांग मला. ते अजून जातात, त्यांची पोरं जातात. तू मला म्हनतो मशीन.

मला त्यातलं काही आठवत न्हाई म्हनला. ताट बाजूला सारून बापाकडं बगितलं, दादा तुमी तरी सांगा हिला. मालक भिताडाला टेकून बसलेले, म्हनले, मला दिसत न्हाई, मला कशाला इचारतो, जिच्या नावावर हाय तिला इचार. मी चावी कनवटीला लावली आन झोपले. झोपले म्हनजे पडले.

दसऱ्याला घट उठले. संतोष अंगणात आवरून हुबा, घड्याळ बगतोय. मी गाडीच्या पाया पडले, चाकाखालचं लिंबू चिरडू दिलं, पहिल्याच सेल्फला चालू झाली, खोटं सांगत न्हाई, एरवी तिसऱ्याला हुती. आळीतल्या बायका मागं भरल्या, मालक म्होरं बसले, आन आमी शिलंगनाला गावची शीव वलांडायला निघालो, आपट्याचं सोनं आनायला. संतोषला म्हनलं, यायचं तर मागं जागा हाय. तो आला न्हाई. एसटीनं नगरला गेला.

सांजच्याला आला नवी गाडी घिऊन. जुनी दिल्याबिगरच घेतली, कशी घेतली ते त्याचं त्याला ठाऊक. पांढरी, चकचकीत, दार लावलं तर आवाजबी येत न्हाई. मला वाटलं तो बोलनार न्हाई. मी ताट आनलं, नवीला ओवाळलं, तिच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, त्याला सोनं दिलं. तो पाया पडला आन म्हनला, आई तू हट्टी हायस. मी म्हनलं, व्हय.

आता दर ऐतवारी फोन येतो, कुठं हायस, गाडी नीट हाय का. मी सांगते, कालच सोनोग्राफीला दोघी जनींना नगरला नेलं, पाटा करकरतोय, मंगळवारी मिस्त्रीकडं टाकनार हाय. तो म्हनतो मरेपर्यंत चालवनार का? मी म्हनते, माझी नजर चालंल तवर चालवीन, नजर गेली तर मालकांच्या शेजारी बसून तिसऱ्या कुनावर वराडीन, पर इकनार न्हाई. तवर हात लावू नगं बाबा. माझा तुझ्यावर राग न्हाई. देव तुला बरकत देवो, नव्या गाडीचं सुख देवो, आन तीबी तुझ्या हातात जुनी होऊ दे.