टेकडीवरचा जाळ

(ओलाफ राजाच्या शांत राजवटीचं सोळावं वर्ष. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरची टेकडी, भर दुपार. इशाऱ्यासाठी पेटवलेला ओंडक्यांचा ढीग अजून धुमसतोय. पहारेकरी स्टाइनार आणि त्याची बायको रान्वे.)

रान्वे : जात्याचे दगड! अहो, जात्याचे दगड घेऊन ब्यर्गविनच्या बाजाराला चाललेलं गलबत होतं ते!

स्टाइनार : लांबून शीड लाल दिसलं, लुटारूंचं असतं तसं.

रान्वे : लाल दिसलं म्हणून जाळ पेटवलात? अख्खी खाडी कुऱ्हाडी घेऊन धावली. कोल्बेन तर एकाच पायात जोडा घालून आला! आणि तिकडे वाळत घातलेलं गवत मघाच्या सरीत भिजलं. आता गुरांना काय, तुमचा धूर घालायचा?

स्टाइनार : लुटारू असते म्हणजे?

रान्वे : कुठले लुटारू? सोळा वर्षांत एक तरी फिरकला? तलवारी गंजल्या, पोरांना मिसरूड फुटलं, तरी लढाई म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. तुम्हालाच तेवढी शांतता सोसवत नाही!

स्टाइनार : ओरडू नकोस गं.

रान्वे : ओरडू नको तर काय करू? या उन्हाळ्यातली ही तिसरी खेप! उद्या सभेत कोल्बेन तुमचा पहारा काढून घ्यायला लावणार आहे. काय म्हणाला ठाऊक आहे? ‘बाप पहाऱ्यावर झोपला नि गाव जळलं. मुलगा जागा राहून गावाला छळतोय.’

स्टाइनार : बाबा झोपले नव्हते.

रान्वे : आता हे काय नवीन? सगळ्या खाडीला माहीत आहे.

स्टाइनार : बाबा तापानं फणफणले होते. पहाऱ्यावर मी होतो. चौदा वर्षांचा. उन्हात डोळा लागला. जाग आली तेव्हा खाली घरं पेटली होती.

रान्वे : आणि मामंजी?

स्टाइनार : भर सभेत म्हणाले, मी झोपलो होतो. मरेपर्यंत कुणी त्यांच्या पंगतीला बसलं नाही. आणि मी गप्प राहिलो.

रान्वे : वीस वर्षं संसार केलात माझ्याशी, आणि हे आज सांगताय? काय म्हणावं तुम्हाला!

स्टाइनार : उद्या सभेत सांगतो. मग खुशाल घेऊ देत पहारा काढून.

रान्वे : सांगा. मी येते बरोबर. आणि कोल्बेन मधे बोलला, तर त्याचं मी बघते... डोळे केवढे तारवटलेत तुमचे! इथे कधी पाठ टेकलीत?

स्टाइनार : त्या दिवसानंतर नाही.

रान्वे : मग टेका आता.

स्टाइनार : आणि समुद्र?

रान्वे : मी आहे ना बघायला.