जाखाईचा कोप

तसं न्हवं, पावणं, तुमी वाट चुकला न्हाईसा. राई हितंच हुती. त्यो तांबडा उतार दिसतोय न्हवं, मधी मधी काळं डाग — कोळशाच्या भट्ट्या लागलेल्या तिथं — तीच जाखाईची राई. बसा की. घोंगड्यावर बसा, भुई गार हाय. पाणी देते, पर वाईच गढूळ हाय, फडक्यातनं गाळलंय. पैलं असं न्हवतं. राईच्या पोटातनं झरा येत हुता, उन्हाळ्यात दात शिवशिवावं असं गार पाणी. आता वड्यात डबरा काढायचा आन् वाटीनं भरायचं. कोल्हापुरास्नं आलासा म्हंजी त्याच कालेजातलं? अंबादासमास्तरांच्या जाग्यावर? तरीच म्हटलं. गळ्यात तसलंच भिंग अडकवलंय. पोरं बसू द्यात तिकडं बांधावर, दमली असतील. पर जरा हळू बोला — आत मालक हाईत. त्यास्नी कालेजचं नाव सोसत न्हाय.

आमचं मालक म्हंजी गुरव. जाखाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात. राईतलं वाळकं पानसुदिक चुलीत घालायचं न्हाय, असा नेम हुता. वाऱ्यानं अंगणात आलेली काटकी माझी सासू परत न्हेऊन टाकायची, मी डोळ्यानं बघितलंय. बाईमाणसानं तर आत पाय ठेवायचाच न्हाय. लगीन होऊन आल्यापास्नं मी भाईरनंच हात जोडत आले — आत काय हाय, कसं हाय, ठावं न्हाय. नुसता काळाकुट्ट अंधार दिसायचा भर दुपारी, आन् पाखरांचा कालवा. भ्या वाटायचं. सगळ्यास्नीच वाटायचं. कुणी म्हणायचं, आजोबाच्या टायमाला एकानं फांदी तोडली त्येचा हात वाळला. खरं का खोटं कुणी बघितलंय? पर तोडत कुणी न्हवतं, एवढं खरं.

आन् मग मास्तर आलं. देश सोतंतर झाल्यावर मागनं दोनेक सालांनी आसंल. सुगी उरकलेली. मलकापूरपातूर यष्टीनं आन् तिथनं पायी, पोरांची ही रांग. मालकांम्होरं येऊन हात जोडून हुबं ऱ्हायलं. म्हणालं, असलं रान आता कुठं उरलेलं नाही, माझ्या मुलांना दाखवायचंय, तुमच्या देवीची परवानगी मिळंल का. हुकूम न्हाय, दांडगाई न्हाय. मालकांनी कौल लावला — देवीला फुलाच्या कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर न्हाय. समदी सकाळ कळी हलंना. पोरं उनात बसली. मास्तर बी बसलं, घाई न्हाय केली. दुपारी पडली, उजवी. मग पायताणं भाईर काढून पोरं गेली आत. दोरीनं भुईवर चौकोन आखायची आन् त्यात रोपं किती, कसली, त्ये बघत बसायची. तसल्या एवढ्याशा जागंत काय बघायचं हुतं, देव जाणं — पर बघायची, मांडी घालून.

त्यात दोन पोरी हुत्या. एकीचं नाव पद्मजा, कोल्हापूरच्या कुण्या वकिलाची. मालक म्हणालं, पोरीस्नी आत न्हाय जाता यायचं. मास्तर म्हणालं, मग देवीलाच विचारा. परत कौल. परत उजवी. आन् ती पद्मजा भाईर आली, माझा हात धरला, म्हणाली, आक्का, आम्ही आलो तर तुम्ही का नाही? मी आत गेले, पावणं. पयल्यांदा. काय सांगू तुमास्नी — जांभळीचं बुंधं दोघांच्या कवंत मावत न्हवतं, भुई अशी मऊ की पाय बुडत्यात, आन् गारंबीची येल, मांडीएवढी जाड, ह्या झाडावरनं त्या झाडावर गेलेली, शेंग माझ्या हाताएवढी लांब. मी रडले. का रडले म्हणाल तर ठावं न्हाय. तशी जागा माझ्या घरापास्नं हाकेवर हुती आन् मी निम्मं आयुष्य भाईर काढलेलं.

मग दरसाली यायची. पयल्या साली नुसती बघून गेली. फुडच्या साली पडलेली पानं न्हेली. मग मालकच म्हणालं, एकेक डहाळी घेतली तर देवी काय म्हणायची न्हाय, विद्येचं काम हाय. ती पोरं डहाळ्या कागदात घालून वर फळ्या आवळून बांधायची, जपून, लेकरासारखी. गाव बघत हुतं की. गावाचं डोळं मिटलेलं न्हवतं. सांजचं देवळात मास्तर शिकवायचं, मागं आमची माणसं बी बसायची. एका साली आमच्या ज्ञानूनं इच्यारलं — ज्ञानू म्हंजी माझा ल्योक, एकुलता, नवंच लगीन झालेलं — त्येनं इच्यारलं, मास्तर, एवढी पानं तोडतासा, देवी कोपून ताप धाडत न्हाय? मास्तर हसलं न्हाईत. अगदी खरं सांगितलं त्येनी. "कोप वगैरे काही नसतो, ज्ञानू. ताप डासांमुळं येतो. पण हे रान गेलं, तर तुमचा झरा जाईल." दोन गोष्टी सांगितल्या बगा. गावानं पयली तेवढी ऐकली.

कोळशाचा कंत्राटदार आला त्ये फुडच्याच उन्हाळ्यात. म्हणाला, शाळेवर कौलं घालून देतो, रस्ता करतो, राई द्या. म्हातारी माणसं न्हाय म्हणाली. देवीचं हाय, हात लावायचा न्हाय. तवा आमचा ज्ञानू हुबा ऱ्हायला. गुरवाचा ल्योक! म्हणाला, कालेजची पोरं एवढी वर्सं तोडत्यात, कुणाचा हात वाळला सांगा? मालक उठून घरात आलं. ज्ञानूला शाळा पायजे हुती, पावणं. त्येची बायकू गरवार हुती, तिच्या पोरानं शिकावं, त्या पद्मजागत भिंग घालून हिंडावं, असं म्हणायचा मला. वंगाळ काय हुतं त्यात? पर पयला घाव घालायला कुणी धजंना. कंत्राटदाराची माणसंसुदिक. मग ज्ञानूनं घातला. आन् काय झालं न्हाय. सांजच्याला घरी आला, जेवला, हसला. दुसऱ्या दिशी सगळं गाव कुऱ्हाडी घिऊन.

दोन म्हयन्यात राई बोडकी. रातध्याड भट्ट्यांचा धूर, वाळत घातलेल्या लुगड्याला काजळी. पाखरं हिकडं घरांवर येऊन बसायची, कुठं जायाचं त्यास्नी उमजंना. शेवटाला मधली जांभळ ऱ्हायली हुती. ज्ञानू तोडत हुता. झाड पडायचं हिकडं, पर गारंबीच्या येलीनं वर तीन झाडं एकात एक बांधलेली — हे खाली आलं, येलीनं वडलं, आन् मागचा हिरडा मुळासकट त्येच्या अंगावर. मी भाकरी घिऊन निघाले हुते. रस्त्यातच समोरनं माणसं आली.

तवापास्नं गाव म्हणायला लागलं — जाखाईनं न्हेला. तोडायच्या आधी कोप म्हणायचं न्हाय, आन् आता म्हणत्यात. आता राखायचं काय उरलंय?

हिवाळ्यात मास्तर आलं, पोरं घिऊन. त्यास्नी कुणी कळवलं न्हवतं. त्या बोडक्या उताराम्होरं हुबं ऱ्हायलं त्ये हुबंच. मग हितं आलं, तुमी बसलाईसा तिथंच बसलं. मी सगळं सांगितलं. म्हणालं, येल ओढते, आक्का, मी दरवर्षी मुलांना दाखवायचो, ती झाडं बांधून ठेवते. मी इच्यारलं, म्हंजी देवीनं न्हाय न्हेला? म्हणालं, नाही. मला तेवढंच पायजे हुतं. पोरगं गेलं, पर पापी म्हणून तरी गेलं न्हाय. त्या रातीला कैक म्हयन्यांनी झोप लागली मला.

पर दुसऱ्या दिशी डोंगराच्या पलीकडनं जोतीराम पाटील आला. त्येंची बी राई हाय — आमच्यापरास थोरली. कंत्राटदार आता तिकडं गेलता, आन् तिथली जवान पोरं तयार हुती. जोतीराम मास्तरांचं पाय धराय लागला. म्हणाला, म्हाताऱ्यांचं कोण ऐकतंय, पर तुमी शिकलेलं, तुमच्या तोंडनं सांगा की ज्ञानूला जाखाईनं मारला. तुमचं ऐकतील. मी हितं चुलीपाशी हुते. माझ्याकडं बघितलं मास्तरांनी. "आक्का, माझ्याच्यानं हे होणार नाही. तुम्ही नको म्हणा, म्हणजे सुटलो."

मी न्हाय म्हटलं न्हाय, पावणं. मी म्हटलं, सांगा. मी आत गेले हुते न्हवं राईत. एकडाव बघितल्यावर कसं न्हाय म्हणायचं? पोरगं तर गेलंच हुतं.

आन् सांगितलं त्येनी. तिथल्या देवळात, भरल्या सभंत. मी सौता गेलते ऐकायला. खोटं कसं बोलावं ठावं न्हाय त्या माणसाला, घाम फुटलेला, मान खाली — लोकास्नी वाटलं देवीच्या भयानंच. पोरांनी कुऱ्हाडी ठेवल्या. कंत्राटदार परतला. खाली येताना मास्तर एकलंच भराभरा म्होरं निघून गेलं. नंतर आलंच न्हाईत कवा. नोकरी सोडली म्हणं? तुमास्नी बी ठावं न्हाय? असू द्या.

हिकडं मग आमचं घर कोपाचं झालं. मास्तर बोललं म्हंजी खरंच की. सुनेला तिचा बा घिऊन गेला, पोर तिकडंच झालं, मला दावलं न्हाय अजून. पूजा भावकीतल्या दुसऱ्याकडं गेली. आन् मालक — मालकांनी बी खरं मानलं. आपल्या देवीनं आपलं पोर खाल्लं म्हणत्यात. भिंतीकडं तोंड करून बसत्यात. मला एका शब्दात सोडवता ईल त्यास्नी. पर त्यास्नी सांगितलं की पलीकडं कळंल, पोटात ठेवणारा माणूस न्हाय त्यो. म्हणून गप. कुणाला म्हणून सांगितलं न्हाय आजवर. तुमालाच सांगितलं, त्ये बी कशापाय — तुमी मास्तर हाईसा, तुमास्नी बी खरंच बोलायची सवय असणार. तवा हात जोडते, डोंगरापलीकडं जाऊ नगासा. गेलासाच तर पायताणं काढा, आन् कुणी काय इच्यारलं तर—

काय म्हणालासा?

तिकडनंच आलासा? म्हंजी खालनं न्हाय, खिंडीतनं? मुक्काम कुठं हुता… देवळात. व्हय. तिथं उतरायची सोय हाय. जोतीरामानं केली आसंल. न्हाय? त्यो गेला? कवा… मला कळलं न्हाय. हिकडं आता कोण काय सांगत न्हाय.

आन् सांजच्याला तुमी शिकवलंसा. मागं माणसं बसली असतील.

इच्यारलं त्येनी, देवी खरंच कोपती का म्हणून?

मग तुमी काय सांगितलंसा?

न्हाय न्हाय, पावणं, तुमचं काय चुकलं. खरं तेच सांगितलंसा. मास्तरांनी बी पैलं तेच सांगितलं हुतं. तुमास्नी काय ठावं. उठा आता. पोरं खोळंबली असतील, यष्टी चुकंल. तांब्या ऱ्हावू द्या, मी उचलते. जावा.