चाकाला टेकलेलं पिल्लू

...नाही, तुम्हीच सांगा, चाकाला टेकून सिंहाचं पिल्लू झोपलंय, गाडी सुरू कशी करू? तिकडे गावात बायको पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, मागच्या सीटवर सासूबाई, कारण अख्ख्या मासाई मारात त्यांच्यासारखी सुईण नाही, आणि आमच्या मासाई लोकांत जावयानं सासूकडे बघायचं नाही, थेट बोलायचं तर नाहीच! पर्यटकांना दाखवायला मी दिवसभर सिंह शोधत फिरतो, एक मिळत नाही, आणि आज? रस्त्यात कळप दिसला म्हणून जरा थांबलो, तर सगळा गोतावळा आमच्या उघड्या जीपच्या सावलीत येऊन पसरला!

सासूबाईंना राहवेना. सिंहिणीलाच म्हणाल्या, "अगं बाई, सांग ना त्या माणसाला, माझी पोर तिकडे तळमळतेय!"

मीही सिंहिणीलाच म्हणालो, "ताई, सांगा त्यांना, तुमचंच लेकरू चाकाला टेकलंय. गाडी सुरू कशी करू?"

ताईंनी जांभई दिली. माझं डोकं आरामात मावलं असतं हो आत!

तेवढ्यात गवतातून आणखी दोघी आल्या. अहाहा, काय ती भेट! गालाला गाल घासतायत, गुरगुरतायत, अंगावर रेलतायत... आणि पिल्लं? दिसेल तिला लुचायला लागली, तरी एकीनं दुसरीचं पोर झटकलं नाही! मग आयाळवाले महाराज आले. एक पिल्लू शेपटीला लटकलं, महाराज खवळले, पंजा उगारतायत तोच ताईंनी अशी थोबाडीत ठेवून दिली... महाराज मुकाट लांब जाऊन बसले! तुम्हाला सांगतो, जन्म इथेच गेला माझा, तरी अंगावर काटा आला. डोळे भरून आले. देवानं काय काय करून ठेवलंय!

मागून आवाज, "अगं, सांग त्याला, तुझं पिल्लू मघाशीच उठून गेलं!"

वाकून बघतो तर चाक मोकळं! मग जीप अशी हाणली, अशी हाणली... सासूबाई धावत झोपडीत शिरल्या आणि थोड्याच वेळात आतून ट्यॅहां! मुलगी! मीही आत धावलो.

पण बायको कसली सोडतेय? "एवढा वेळ कुठे होतात?"

"अगं, चाकाला सिंहाचं पिल्लू टेकलं होतं. गाडी सुरू कशी करू?"

"खरं का गं आई?"

"खरं. पण ते उठून गेलं तरी तुझा नवरा आ वासून बघत बसला होता."

बसलो होतोच हो!