आपल्याच थैलीचं व्याज

पेढ्यापेढ्यांतल्या देण्याघेण्याचं नाव माझ्यापुढं काढू नगासा, चहा कडू लागतोय. निपाणीच्या पेढीवर मी कारकून होतो. मालक अण्णा. पैसा तिजोरीत पडून राहिला की त्येंच्या पोटात दुखायचं. म्हणून दिवाळीत रुपयांची एक थैली त्येंनी बेळगावच्या पेढीला व्याजानं दिली. बोली काय, तर मागितली की परत.

तंबाखूचा हंगाम आला. शेतकऱ्यांना द्यायला रोकड पायजे म्हणून व्यापारी दारात बसले, आणि तिजोरीत खडखडाट! मी बेळगाव गाठलं. तिथला मालक म्हणतो, "ती संकेश्वरच्या पेढीला दिली की."

संकेश्वर माझ्या येतानाच्या वाटंवर! तसाच उलटा फिरलो. तिथला मुनीम म्हणतो, "आमचा व्यवहार बेळगावशी. तुम्हाला पायजे तर नवं कर्ज घ्या, दीडपट व्याजानं."

दारातली माणसं आठवली, दात-ओठ खात सही केली. त्यानं थैली आणून ठेवली. तोंडावर लाखेचा शिक्का आमचाच! तवा शिक्का बघूनच थैली हातोहात फिरायची, फोडायचं कोण न्हाय.

"अहो, ही आमचीच थैली हाय!"

"मग बेस झालं," मुनीम म्हणाला, "मोजायला नको."

निपाणीत येऊन मी ती अण्णांपुढं आपटली, सगळं सांगितलं. अण्णांनी शिक्क्यावरनं हात फिरवला, डोळं पाणावलं.

"बघ रं, कुणी बोटसुदीक लावलं न्हाय! लई इमानदार माणसं. पुढच्या दिवाळीला बी त्येंनाच देऊया."