चढावर थांबलेली गाडी

आम्ही इथलेच, उज्जैनचे. पणजोबांच्याही आधीचं कुणी दरबाराच्या नोकरीत आलं आणि इथेच राहिलं, म्हणून माझं मराठी हे असं, अर्धं हिंदी. पॉलिटेक्निक केलं, इन्व्हर्टरच्या कारखान्यात लागली, लग्न नाही केलं, आई आणि मी, टावर चौकाच्या मागे राहतो. इन्व्हर्टरमध्ये मी एकच गोष्ट शिकली, बॅटरीचं व्होल्टेज खाली आलं की बंद करायचं, घरात अंधार झाला तरी चालेल, पण बॅटरी वाचली पाहिजे. सगळी उमर तेच केलं.

मग आमच्या मालकांना फौजेचं काम मिळालं. बिनड्रायव्हरची गाडी, खाटेएवढी, दुरून चालवायची, घायाळ जवानाला मागे आणायला, असं आम्हाला सांगितलं. तिचा पावरचा बोर्ड माझ्याकडे आला, म्हणजे मोटरींना किती द्यायचं, कॉम्प्युटरला किती, आणि बंद कधी करायचं.

चाचणीला टेकडीवर नेलं. एक जवान घायाळ बनून गाडीवर झोपला, त्याला पट्टे बांधले. चढावर मोटरींनी एकदम करंट ओढला, व्होल्टेज खाली बसलं, बोर्डाला वाटलं बॅटरी संपली, आणि त्यानं गाडी बंद केली, तिथेच, मधोमध. आम्ही धावत गेलो तर तो पट्ट्यांत तसाच, आभाळाकडे बघत. मी विचारलं, भैया, लागलं तर नाही ना. तो म्हणाला, नहीं दीदी, पर ये रुकी क्यों. मी म्हटलं, बॅटरी बचाने के लिए. तो म्हणाला, अच्छा, बॅटरी. बस, इतकंच. रागावला नाही, हसला नाही.

काय सांगू तुम्हाला, घरी आईनं ताट वाढलं, ते बाजूला सारून मी बोर्डाचा नकाशा घेऊन बसली. आता गाडी थांबवूच नको असं बोर्डाला सांगायचं, तर ताणलेली बॅटरी तापते, आणि ती असते त्या माणसाच्या पाठीखालीच. मग कितीपर्यंत तापू द्यायची. मी मालकांना विचारलं, मालकांनी फौजेच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले, इंजिनियर मॅडमच ठरवतील. मी कोण ठरवणारी. शेवटी असं केलं की बोर्ड फक्त इशारा देईल, थांबवायचं की नाही ते दुरून चालवणारा माणूस ठरवेल. बरोबर केलं की दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं, मला अजून समजलं नाही. पुढच्या चाचणीला तोच जवान झोपला, गाडी वर पोहोचली, तो उतरून पाठ झटकत म्हणाला, ठीक है दीदी.

आता नवी ऑर्डर आहे. तोच बोर्ड, पण गाडीच्या माथ्यावर काही बसवायला एक जोडणी जास्त, आणि तिला इतकी पावर मागितली की घायाळाच्या खाटेला ती कशाला लागेल. मी मालकांना विचारलं, हे कशासाठी. ते म्हणाले, मलाही नाही सांगितलं, तुम्ही बनवा. तर बनवते. आई शेजारच्या बायकांना सांगते, आमची मुलगी जवानांची रुग्णगाडी बनवते, आणि मी मधे काही बोलत नाही. देवापुढे दिवा लावताना मी म्हणते, गाडीवर जो असेल तो घरी पोहोचू दे. वर बंदूकच बसणार असेल तर गाडीच्या समोर जो असेल त्याच्यासाठी म्हणायचं की नाही, ते काही कळत नाही मला. पण म्हणते त्याच्यासाठीही, हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं.