भुशीच्या वाटेवरची चूल

लोणावळ्यात पोलीस चौकीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. भुशीच्या वाटेवर कणसं भाजणाऱ्या.

“मानसी, लॉकडाऊनमदी मी घराबाहेर पाऊल टाकलं न्हाई. तरी माज्या नावानं केस कशी झाली?”

“मावशी, तुमच्या जागेवर मी बसत होते.”

“माज्या चुलीवर?”

“चूल थंड दिसली की दुसरं कुणीबी जागा धरतं. तुमाला ठाव हाय.”

“आन् पोलिसानं नाव विचारलं तवा?”

“शालन सांगितलं.”

“का गं?”

“माजं सांगितलं असतं, तर कागदावर ती जागा माजी झाली असती. मंग तुमीच भांडला असता.”

“व्हय का? मंग आता आतून शालन म्हणून हाक आली, की तूच ऊठ.”